यजमान देशाची संस्कृती आणि कामगार-प्रशिक्षण : एका गृहीतकाची तपासणी

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या प्रशिक्षणधोरणाचे विवेचन आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा एकाच सूत्राने केले जाते. प्रत्येक देशाची एक संस्कृती असते आणि कंपनीने आपले प्रशिक्षण तिच्या मापाने बेतून घ्यावे, असे ते सूत्र होय. त्यामागे गीर्ट हॉफस्टेड यांचा १९८० चा ग्रंथ आहे. आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी राष्ट्रांचे गुणांक निश्चित केले. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये या पद्धतीवर कठोर आक्षेप घेतले. तरीही ते तक्ते वर्गात फळ्यावर येतच राहिले. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे लिहिले आहेत.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गैरहजेरी व संघर्ष यांसाठी कुप्रसिद्ध असलेला जनरल मोटर्सचा तेथील कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच होते. कामगार संघटनाही तीच. हॉफस्टेड यांच्या मोजपट्टीवर व्यक्तिवादात अमेरिकेला ९१, तर जपानला ४६ गुण आहेत. या हिशेबाने गटाने काम करण्याचे जपानी शिक्षण अमेरिकन कामगाराला मानवू नये. प्रत्यक्षात गटप्रमुखांना काही आठवडे जपानमधील ताकाओका कारखान्यात पाठवण्यात आले, दोष दिसताच दोरी ओढून उत्पादन थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला आणि गैरहजेरी झपाट्याने घटली.

शिवाय कामाचे टप्पे पाडून ते शिकवण्याची टोयोटाची रीत मुळात अमेरिकन होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आखलेला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम युद्धोत्तर काळात जपानमध्ये गेला आणि तेथे रुजला. फ्रीमाँटला आले ते एका अर्थी माहेरी परतलेले ज्ञान होते. त्यात ‘यजमान’ कोण आणि ‘पाहुणा’ कोण, हे सांगणे कठीण आहे.

नुमीच्या उभारणीत सहभागी असलेले जॉन शूक यांनी २०१० मध्ये लिहिले की, आधी वागणूक बदलावी, विचार मागाहून बदलतात. हे मत मान्य करूनही, वागणूक बदलण्याचे धैर्य कामगाराला कोठून मिळाले, हा प्रश्न उरतो. माझ्या मते त्याचे उत्तर संघटनेशी झालेल्या करारात आहे. कंपनीच्या अस्तित्वालाच धोका असल्याखेरीज कामगारकपात न करण्याची हमी त्यात होती. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली, तेव्हा रिकामे झालेले कामगार घरी नव्हे, तर प्रशिक्षणवर्गात पाठवले गेले. दोरी ओढणाऱ्या हाताला ही हमी कोणत्याही सांस्कृतिक गुणांकाहून मोलाची वाटली असावी.

कर्नाटकातील बिदादी येथे टोयोटाने २००७ मध्ये ग्रामीण मुलांसाठी निवासी तांत्रिक प्रशिक्षण संस्था काढली. उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु तेथील कारखान्यात २०१४ व २०२० मध्ये टाळेबंदी झाली. अशा प्रसंगी ‘भारतीय कामगाराच्या मानसिकते’कडे बोट दाखवणे सोपे असते. करारात काय लिहिले होते, हे वाचण्याचे कष्ट मात्र आपल्या अभ्यासक्रमात अद्याप आलेले नाहीत.