डार्टमूरचीं दगडी घरें : कादंबरी आणि उत्खनन

आर्थर कॉनन डॉइल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही १९०१-०२ सालीं मासिकांतून क्रमशः आलेली कादंबरी आम्हीं नुकतीच पुन्हा वाचली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें उंच, ओसाड पठार आहे. त्यावर प्रागैतिहासिक काळच्या वाटोळ्या दगडी घरांचे अवशेष हजारोंनीं विखुरलेले आहेत. अशाच एका घरांत शेरलॉक होम्स लपून राहतो. भयाचें वातावरण निर्माण करण्यासाठीं डॉइल यांनीं या दगडांचा जो उपयोग केला आहे, तो अप्रतिम आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं.

आमचें मन अडखळतें तें अन्यत्र. येथील मूळ रहिवासी दुबळे व गांजलेले असावेत, इतरांस नकोशी झालेली भूमि त्यांनीं नाइलाजानें पत्करली असावी, असा तर्क डॉ. वॉटसन करतो. वाचकही तो सहज मान्य करतो.

पुरावा मात्र निराळें सांगतो. ग्रिमस्पाउंड येथील वसाहतीचें उत्खनन १८९४ सालींच झालें होतें. सुमारें चार एकर जागेभोंवतीं दगडी गडगा, आंत २४ घरें. पण वरच्या टेकडीवरून सारें आंत दिसतें. तेव्हां हा गडगा शत्रूच्या भयानें नव्हे, गुरांसाठीं घातला असावा. पुढें, १९७० नंतर, अँड्र्यू फ्लेमिंग यांनीं पठारावरून मैलोगणती धांवणाऱ्या दगडी बांधांचा उलगडा केला. ख्रिस्तपूर्व १५०० च्या सुमारास आंखलेल्या शेतांच्या व कुरणांच्या त्या हद्दी होत. एवढी भूमि एका आंखणीनें वांटून घेणारा समाज गांजलेला खास नव्हे.

बांधांचा अर्थ डॉइल यांच्या काळीं उकलला नव्हता. त्याचा दोष त्यांना देणें अन्यायाचें होईल. पण त्यांच्याच कादंबरींत खलपुरुष स्टेपल्टन सांगतो कीं, येथें दाट वस्ती होती, लोक गुरें चारीत, कथील खणीत. घरांत त्यांची चूल व निजण्याची जागा अजून दिसते. म्हणजे सत्याच्या जवळचें बोलणें खलपुरुषाच्या तोंडीं, आणि सज्जन वॉटसन आपल्याच उदासीनतेला इतिहास समजतो! ही योजना हेतुपुरस्सर असेल तर ती थोर कला होय. नसेल तर कथेची गरज लेखकाच्या माहितीवर मात करून गेली, असें म्हणावें लागेल. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. भयकथेला ओसाडी हवी होती. म्हणून आजची ओसाडी तिनें तीन हजार वर्षांमागें नेली.

पडकें घर पाहून घरधन्याला दरिद्री ठरवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.