मालक नाही, तर युनियन कशाची?

माझ्या पीएचडीचा विषय कचरा. सुका कचरा वेगळा करायचा, वजन करायचं, प्लास्टिकचे प्रकार नोंदवायचे. त्यामुळे पुण्यातल्या कचरावेचक ताईंशी रोजचा संबंध. दिवाळीत घरी त्यांच्या युनियनबद्दल सांगत होते, तर दादा म्हणाला, "त्यांना मालकच नाही, मग युनियन कशाची?" दादा स्वतः एका फायनान्स कंपनीत 'असिस्टंट मॅनेजर' आहे. हाताखाली एकही माणूस नाही. दिवसभर कर्जाची कागदपत्रं तपासून कॉम्प्युटरवर भरायची, आणि रविवारीही फाइली संपवायला फोन. मी विचारलं, "मग तू का नाही युनियनमध्ये?" तर म्हणे, "आम्ही मॅनेजर ना गं, आम्हाला चालत नाही."

दोन्ही समज चुकीचे आहेत. मी वकील नाही, पण व्याख्या नीट वाचायची सवय प्रयोगशाळेने लावली आहे, म्हणून कायदा काढून वाचला.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनची व्याख्या फक्त 'मालक विरुद्ध कामगार' अशी नाही. कामगार-कामगारांमधल्या संबंधांसाठीही युनियन काढता येते. १९७२ मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांनी 'सेवा'ची नोंदणी करायला घेतली, तेव्हा सरकारी खात्याने दादाचाच प्रश्न विचारला होता. युनियन कुणाविरुद्धच असावी असं नाही, कष्टकऱ्यांच्या एकीसाठीही असते, हे उत्तर शेवटी मान्य झालं. पुण्यातली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या (२०२०ची, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू) युनियनविषयक प्रकरणात तर असंघटित क्षेत्रातले स्वयंरोजगार करणारेही 'कामगार' धरले आहेत.

मॅनेजरचं काय? त्याच प्रकरणात उद्योगात नोकरीला असलेले सगळेच येतात, हुद्दा विचारलेला नाही. बँक अधिकाऱ्यांच्या संघटना आहेतच की!

इथपर्यंत कायदा उदार वाटतो. माझी तक्रार पुढे आहे.

तंट्यांच्या प्रकरणांसाठी 'कामगार' या शब्दाची व्याख्या वेगळी आणि अरुंद आहे. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून बाहेर. देखरेखीचं काम करणारे महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असेल तर बाहेर. म्हणजे मॅनेजर सभासद होऊ शकतो, पण त्याला नोकरीवरून काढलं तर औद्योगिक न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद. बँकांमध्ये हा फरक कागदावरच दिसतो. ८ मार्च २०२४ ला पगारवाढ ठरली, तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी 'द्विपक्षीय करार' झाला आणि अधिकाऱ्यांसाठी 'जॉइंट नोट'. टेबल एकच, कागद दोन.

स्वयंरोजगारवाल्यांची अडचण आणखी मोठी. एकाहून जास्त युनियन असतील आणि वाटाघाटींसाठी एकमेव युनियन म्हणून मान्यता हवी असेल तर आस्थापनेच्या हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. कचरावेचक ताईंचा हजेरीपट कुठाय? त्यांचं पोट महापालिकेच्या निर्णयांवर चालतं. कचऱ्याचं कंत्राट बदललं की काम जातं. पण महापालिका त्यांची 'मालक' नाही, त्यामुळे या कलमाचा त्यांना उपयोग शून्य. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं त्यांनी मिळवली, ती मोर्चे काढून आणि चिवटपणे पाठपुरावा करून.

दुसरी बाजूही खरी आहे. जो साहेब रजा नाकारतो, मेमो देतो, तोच युनियनच्या बैठकीत शेजारी बसला तर कोण तोंड उघडेल? म्हणून खऱ्या मॅनेजरांची संघटना वेगळी असावी, हे मला पटतं. पण खरा मॅनेजर कोण, हे लेबल बघून ठरवायचं नाही, नमुना तपासायचा. न्यायालयांनीही वारंवार हेच म्हटलंय की पदनाम नाही, मुख्य काम बघा. या कसोटीवर दादा कारकून ठरतो. देखरेख करत नाही, म्हणजे १८,००० ची मर्यादाही त्याला लागू नाही. कंपन्या 'मॅनेजर'ची पाटी फुकट वाटतात ती का, हे आता कळतं. पाटी मिळालेला माणूस स्वतःच स्वतःला युनियनबाहेर काढतो.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. नोंदणीच्या अर्जाला किमान सात जण लागतात, आणि शिवाय नोकरीतल्यांपैकी दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तितके सभासद, हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाकीचे सहा कुठून आणू?"

म्हटलं, एकदा ताईंना विचार.