‘अवतारा’ची मराठी : मानव-यंत्र संवादाच्या संशोधनपद्धतीची एक चिकित्सा

यंत्राने निर्माण केलेल्या बोलक्या आकृतीशी माणूस कसा वागतो, या प्रश्नाचा अभ्यास आता बराच पुढे गेला आहे. बायरन रीव्हज व क्लिफर्ड नॅस यांनी १९९६ साली असे प्रतिपादन केले की, माणसे यंत्राशीही सामाजिक संकेत पाळूनच वागतात. पुढच्याच वर्षी रोनाल्ड अझुमा यांनी ‘वर्धित वास्तवा’ची तीन लक्षणे सांगितली : खऱ्या व कृत्रिम दृश्याचा संयोग, तत्क्षणी मिळणारा प्रतिसाद आणि त्रिमित अवकाशातील स्थाननिश्चिती. फोनच्या पडद्यावर वा डोळ्यांवरील उपकरणातून समोरच्या जागेत उभी दिसणारी आणि प्रश्नांना उत्तरे देणारी आकृती, म्हणजेच ‘बुद्धिमान अवतार’, या दोन विचारांच्या संगमावर उभी आहे. या संशोधनाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्याची साधने मराठी भाषकांच्या अभ्यासासाठी जशीच्या तशी उचलली, तर विषयाचा गाभाच हातून निसटतो, एवढे दाखवावयाचे आहे.

या क्षेत्रात बहुशः वापरली जाणारी ‘गॉडस्पीड’ प्रश्नावली पाहावी. क्रिस्टोफ बार्टनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००९ साली यंत्रमानवांसाठी सिद्ध केली. मानवसदृशता, सजीवपणा, आवड, भासणारी बुद्धी आणि वाटणारी सुरक्षितता असे तिचे पाच विभाग आहेत. परस्परविरुद्ध विशेषणांच्या जोड्यांमध्ये आपले मत कोठे बसते, ते उत्तर देणाऱ्याने दाखवावयाचे असते. येथे भाषा हे केवळ वाहन ठरते. संभाषण संपल्यावर संभाषणाविषयी विचारले जाते, खुद्द संभाषण मात्र तपासले जात नाही. अशा प्रश्नावलीचे मराठी भाषांतर केले म्हणजे संशोधन मराठी झाले, ही समजूत सोडावयास हवी.

पहिला मुद्दा प्रथमपुरुषाचा. इंग्रजीत यंत्र ‘मी’ म्हणून कितीही वेळ बोलले, तरी त्याच्या क्रियापदांवरून त्याचे लिंग प्रकट होत नाही. मराठीत मात्र ‘मी सांगतो’ की ‘मी सांगते’, ‘मी आलो’ की ‘मी आले’, हा निर्णय टाळता येत नाही. ‘मी सांगेन’, ‘मी सांगितले’, ‘मला वाटते’ अशा रूपांचा आडोसा घेता येईल. पण केवळ त्यांवर सहज संभाषण चालत नाही. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी ‘एआय क्रिश’ आणि ‘एआय भूमी’ हे कृत्रिम निवेदक आणले, तेव्हा ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगण्यात आले होते. वृत्तनिवेदनात ‘मी’ची गरज क्वचितच पडते, संवादात ती पदोपदी पडते. म्हणूनच चेहरा व आवाज कायम ठेवून केवळ क्रियापदाचा प्रत्यय बदलणे, हा प्रयोग मराठीत सहज करता येतो. अर्थात कोल्हापूरकडील मुलीही ‘मी आलो’ म्हणतात, हे बोलीचे भान प्रयोगकर्त्यास हवे.

दुसरा मुद्दा द्वितीयपुरुषाचा. ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० साली संबोधनाच्या सर्वनामांमागे अधिकार आणि जवळीक ही दोन तत्त्वे असल्याचे दाखविले. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो आणि हाताखालच्या गड्यालाही. तेव्हा यंत्राला तो ‘सांग’ म्हणाला की ‘सांगा’, आणि ‘सांग’ म्हणाला असल्यास तो कोणत्या नात्याने, याचा उलगडा संभाषणाच्या ओघातच होऊ शकतो. ‘अरे’ वा ‘अगं’ निघून गेले, तर त्याने यंत्राला कोणते लिंग बहाल केले, हेही कळते. प्रश्नावली जे विचारून मिळवू पाहते, ते येथे न विचारता मिळते. त्याचप्रमाणे अवतार ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’, हेही पाहावे. ‘आपण आता पुढचे लेणे पाहू’ असे तो म्हणाला, की श्रोत्याच्या सोबतीत त्याने स्वतःला सामील करून घेतलेच. ही सोबत श्रोत्याला मान्य आहे काय, हा खरा संशोधनविषय होय.

तिसरा मुद्दा दर्शकांचा, आणि तो आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झालेल्या अनेक प्रतिकृतींची १८८५ साली लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या दुसऱ्या आगीत तीच गत झाली. परंतु प्रतिकृती कोणती आणि भिंत कोणती, याविषयी कोणाचा घोटाळा झाला नाही. दोहोंत समुद्राचे अंतर होते. वर्धित वास्तवात प्रतिकृती भिंतीवरच बसते. पहिल्या लेण्यात अवतार-मार्गदर्शकाची योजना झाली आणि तो ‘हा पाहा पद्मपाणी’ म्हणाला, तर ‘हा’ म्हणजे कोण? उरलेला मूळ रंग, की गणिताने भरून काढलेली रेषा? मराठीपाशी यासाठी ‘आहे’ आणि ‘असावे’ हा सूक्ष्म भेद तयार आहे. जो अवतार ‘येथे निळा रंग असावा’ असे म्हणावयाच्या ठिकाणी ‘येथे निळा रंग आहे’ म्हणतो, तो इतिहासाविषयी असत्य बोलतो, मग त्याचे चित्र कितीही मनोहर असो.

शेवटी अभ्यासपद्धतीविषयी. ‘अवतार’ हा आपला शब्द १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संगणक-खेळांत शिरला आणि नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो सर्वत्र पोचविला. मराठी गद्याचा आरंभीचा थोर ग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा, महानुभाव ज्यांना परमेश्वरावतार मानतात त्या श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणींचा संग्रह आहे. त्यांचा वावर पैठण-वेरूळच्या याच परिसरात होता. श्रद्धेचा तो अवतार आणि यंत्राचा हा अवतार यांची तुलना मुळीच अभिप्रेत नाही. तुलना आहे ती नोंद घेणाऱ्याच्या पद्धतीची. म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातील माणसे गाठली. कोण, कोठे, कोणत्या प्रसंगी, काय बोलले, हे संबोधनांसह टिपले. ‘स्वामी आपणांस किती आवडले’ असे विचारून ते थांबले असते, तर तेराव्या शतकाची बोलती मराठी आपल्यापर्यंत पोचली नसती.

आपल्या विद्यार्थ्यांनी याच वाटेने जावे. बोलणाऱ्यांच्या संमतीने संभाषणे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, संबोधने व क्रियारूपे मोजावीत, ती कोठे बदलतात ते पाहावे आणि मग हवी तर प्रश्नावली हाती घ्यावी. ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांत एका कान्याचे अंतर आहे. माणूस यंत्राला कोठे बसवितो, याचा निवाडा पुष्कळदा त्या कान्यावर होणार आहे.