वाकण्याचा प्रश्न कुठाय?

कंबरदुखीवरचे फिजिओथेरपीचे प्रबंध चाळा, ऑस्वेस्ट्री प्रश्नावली हमखास दिसेल. १९८० सालची, इंग्लंडातली. १० विभाग, प्रत्येकी ० ते ५ गुण. बसणं, चालणं, झोप, प्रवास, वजन उचलणं, सगळं विचारते. वाकणं? त्याला विभागच नाही!

आता बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात चला. तोडणीवाली बाई दिवसभर बुडख्याशी वाकलेली, मग डोक्यावर मोळी. खाडा परवडत नाही, म्हणून ती दुखणं अंगावर काढते. चालते, बसते, म्हणून गुण कमी; आपण लिहून मोकळे, 'त्रास किरकोळ'.

प्रश्नावली वाईट नाही, अपुरी आहे. तुम्ही वापरणार असाल तर एक प्रश्न जोडा: "वाकून किती वेळ काम होतं?" फक्त त्याचं उत्तर वेगळं मांडा, मूळ बेरजेत मिसळू नका.