जासुदाचा शब्द

लढाईत सैन्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा शिपाई आणि दोन तुकड्यांमध्ये निरोप घेऊन धावणारा शिपाई यांस आजच्या लष्करी भाषेत निरनिराळी नावे आहेत. जुन्या मराठीत दोघांसही 'जासूद' हा एकच शब्द पुरत असे. शत्रूच्या मुलखात शिरून बातमी काढणारा तो जासूद. आणि पेशवाईतील पत्रव्यवहारात भेटणारी, खलिता घेऊन पायी मजला मारणारी, ती जासूदजोडीच. या माणसांचे दैव मोठे विलक्षण. दुसऱ्यांचा शब्द त्यांनी जिवावर उदार होऊन पोहोचविला. स्वतःचा शब्द मात्र मागे ठेवला नाही. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी निगडित असलेले बहिर्जी नाइकाचे नाव मराठी मुलांच्या कानावर लहानपणीच पडते. पण त्याने काय पाहिले आणि तो कोठे भ्याला, हे त्याच्या तोंडचे म्हणून सांगता येईल असे एक वाक्यही आपल्यापाशी नाही.

हे सुचण्यास निमित्त झाले ते एका इंग्रजी गौरवपत्राचे. जून १९४५ मध्ये लंडन गॅझेटात ते प्रसिद्ध झाले. त्याचा नायक शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतला. कंपनीचा 'रनर', म्हणजे आपल्या जुन्या भाषेत जासूद. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पराक्रमाची महती सांगण्यासाठी आम्ही येथे लेखणी उचललेली नाही. ती सर्वमान्य आहे. आम्हांस हे गौरवपत्र एक गद्यलेख म्हणून वाचावयाचे आहे.

त्यातील हकीकत अशी. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीत सेनियो नदीवर हल्ला झाला. नदी कसली, ओढाच. पात्र सुमारे पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. परंतु दोन्ही काठांवर तीस ते पस्तीस फूट उंचीचे उभे बांध, त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी कोरलेली ठाणी आणि पूर्वेकडील बांधाच्या आतल्या अंगास सुरुंगांचा पट्टा. कंपनी कमांडरबरोबर नामदेव पाण्यात उतरला. पलीकडच्या काठास लागतात न लागतात तोच मागच्या बांधातून, म्हणजे नुकत्याच ओलांडलेल्या बाजूकडून, मशीनगनांचा मारा सुरू झाला. कमांडर व आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे पडले, नामदेव तेवढा धड राहिला. त्याने एका जखमी सोबत्यास उचलले, पाण्यातून व सुरुंगांतून बांधावर चढवून पलीकडे नेले, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा खाली उतरला. तिसऱ्या खेपेस तो मशीनगनांवर चालून गेला. पहिले ठाणे टॉमीगनने बंद पाडले. मग हातास गोळी लागली. बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून हातबाँबांनी आणखी दोन ठाणी निकालात काढली. मध्यंतरी बाँब संपत आले, म्हणून सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून नवे घेतले. शेवटी उखळी तोफांच्या माऱ्यात माथ्यावर उभा राहून त्याने मराठ्यांची रणगर्जना केली आणि उरलेल्यांस हाताने खुणावून पुढे बोलाविले.

लेख म्हणून पाहता यात उत्तम काय? मोजमापे. जेथे तो लष्करी लेखक फूट मोजतो तेथे त्याचे गद्य विलक्षण सच्चे आहे. नगर जिल्ह्यात उगम पावून आमच्या सोलापूर जिल्ह्यात भीमेस मिळणारी सीना ज्याने पाहिली आहे, त्यास पंधरा फुटांचे पात्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि अशा पात्राच्या काठी तीन मजली घराएवढी भिंत उभी केली की सारा प्रसंग एकदम डोळ्यांपुढे येतो. विशेषणांचा पाऊस पाडणाऱ्या आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी हा धडा जरूर घ्यावा.

पण मोजमापे संपून माणूस आला, की हेच गद्य लटके पडते. शिपायाने स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही, असे लेखक सांगतो. हे वाक्य अशा बहुतेक गौरवपत्रांत सापडेल. शिक्का मारावा तसे ते उमटते. पुढे तो म्हणतो की, मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याचा निश्चय करून नामदेव वळला. हे यास कोणी सांगितले? कदाचित सूडच असेल. कदाचित मागे उरलेल्या कंपनीची वाट मोकळी करण्याचा साधा हिशेब असेल, किंवा ज्यास शब्द नाही असे काहीतरी. आणि ठाणे 'शांत केले' हा शब्दप्रयोग तर पाहा! ठाण्यात माणसे होती ही गोष्ट त्या एका क्रियापदाने पुसून टाकली. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या गौरवपत्रात मशीनगनवरील शेवटच्या दोघांस त्यांनी बंदूक उलटी धरून ठार केले, हे स्पष्ट लिहिले आहे. वाचताना अंगावर काटा येतो. तथापि लढाई काय असते हे तेथे कळते. आम्ही घाडग्यांचे गौरवपत्र साहित्य म्हणून वरचे मानतो ते याच कारणासाठी.

आता एका अडचणीची गोष्ट. सोलापूरच्या वाचकास बादशाही गॅझेटातील हा गौरव सुखाने वाचता येईल काय? मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. चार हुतात्म्यांचे पुतळे ज्या गावात उभे आहेत, तेथील माणूस त्याच सरकारच्या शिपायाकडे पाहताना क्षणभर थबकला तर त्यास दोष देता येणार नाही. आमच्या गावास युद्धाचे वावडे होते असेही नाही. येथेच जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, आघाडीवर जखमींची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बासांनी पुस्तक लिहिले, शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. कोटणीस स्वतःच्या निवडीने गेले होते; त्यांची कथा सांगताना कोणास संकोच वाटला नाही. नामदेवाचे गौरवपत्र छापून झाल्यावर पाच महिन्यांत लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेवरील खटला उभा राहिला आणि देशाचे सारे कान तिकडे लागले. ते योग्यच झाले. मात्र त्या सुमारास सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे ज्या सैन्यात होती, त्यांचे आपल्या वाङ्मयात काय झाले, हा प्रश्न तसाच राहिला. ध्वज कोणाचा होता हा मुद्दा खरा. पण पाण्यातून सोबत्यास पाठीवर घेणारा माणूस त्या ध्वजाच्या मालकीचा होतो, असे आम्हांस वाटत नाही.

मराठीत युद्धाचे प्रत्यक्षदर्शी गद्य नाही असे कोण म्हणेल? १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेला विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' आहेच. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेला हा भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडला आणि झाशीचा वेढा पाहून आला. त्याच्या लिहिण्यास आजही जी धार आहे ती त्याच्या भीतीमुळे. आपण भ्यालो हे तो लपवीत नाही. पण तो शिपाई नव्हे. शिपायांनी लिहिले ते पत्रांत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जात. त्याने अहवालासाठी इंग्रजीत उतरविलेले उतारे टिकले, आणि आज आपण त्या माणसांस ओळखतो ते बव्हंशी त्या इंग्रजीतून. अधिकाऱ्यांच्या आठवणी पुढे पुष्कळ झाल्या. साध्या शिपायाच्या वाट्यास मात्र गॅझेटच आले. नामदेव जाधव १९८४ पर्यंत, म्हणजे त्या संध्याकाळनंतर एकोणचाळीस वर्षे, हयात होते. एवढ्या अवधीत मराठीचा किती लेखक नगरच्या वाटेने गेला असेल!

म्हणूनच गौरवपत्रातील एक जागा आम्हांस पुन्हा पुन्हा खेचते. त्या साऱ्या हकीकतीत नामदेव एकदाच तोंड उघडतो: बांधाच्या माथ्यावर. लेखक म्हणतो, त्याने मराठ्यांची रणगर्जना केली. आणि ती कोणती हे न सांगता पुढे सरकतो. नदीचे फूट त्याने मोजले, ठाण्यांची संख्या दिली, शब्द तेवढे गाळले. लंडनच्या वाचकास त्यांची गरज नव्हती. त्या रेजिमेंटची गर्जना आहे ती 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'.