ताम्हिणीत सापडलेलं वेष्टन नेमकं कुणाचं?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात गेलात, तर संध्याकाळी दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग, आणि दुसरी म्हणजे त्या गाड्यांनी रस्त्याकडेला मागे ठेवलेलं प्लॅस्टिक. आमच्या लॅबमधले आम्ही काही जण गेली तीन वर्षं पाऊस ओसरला की एक दिवस तिथे कचरा उचलायला जातो. या वेळी मी एक जास्तीचा उद्योग काढला. प्रत्येक वस्तू पोत्यात टाकण्याआधी तिच्यावरचं कंपनीचं नाव वाचायचं आणि वहीत लिहायचं.

कणसं आणि चहा विकणाऱ्या एक मावशी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मोजून काय करणार? उचला की आधी!"

एका शोधनिबंधात याचं उत्तर आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. घरी येऊन तो निबंध पुन्हा नीट वाचला. आता वाटतं, उत्तर आहे, पण अर्धंच.

निबंध काय सांगतो?

विन काउगर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध एप्रिल २०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. त्यामागचं काम 'ब्रँड ऑडिट'चं आहे. उघड्यावरचा कचरा गोळा करायचा आणि प्रत्येक नगावर कुठला ब्रँड आहे ते नोंदवायचं. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ८४ देशांमध्ये १,५७६ वेळा हे झालं. स्वयंसेवकांनी मिळून १८,७३,६३४ वस्तू तपासल्या. एवढी माहिती गोळा करणं कुठल्याही एका प्रयोगशाळेला कधीच जमलं नसतं. साध्या माणसांनी, हातमोजे घालून, उन्हात बसून ती गोळा केली. मला या निबंधात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

निष्कर्ष असे: ज्या वस्तूंवर ब्रँड वाचता आला त्यांपैकी ११ टक्के एकट्या कोका-कोलाच्या. पेप्सिको ५, नेस्ले आणि दानोन प्रत्येकी ३ आणि आल्ट्रिया २ टक्के. ५६ कंपन्या मिळून निम्म्याहून जास्त.

पण मोठा निष्कर्ष पुढे आहे. कंपनी किती प्लॅस्टिक बनवते आणि तिचं किती प्लॅस्टिक उघड्यावर सापडतं, याचा आलेख काढला तर साधारण सरळ रेषा मिळते. उत्पादनातला वाटा १ टक्का, तर कचऱ्यातला वाटाही साधारण १ टक्का. खाद्यपदार्थ आणि पेयं विकणाऱ्या कंपन्या मात्र या हिशेबापेक्षाही जास्त सापडतात.

याचा अर्थ काय? कचरा ही फक्त लोकांच्या सवयींची गोष्ट असती, तर कुठल्या कंपनीने किती बनवलं याच्याशी तिचा इतका थेट संबंध दिसला नसता. आपण वर्षानुवर्षं 'टाकलं कुणी?' एवढंच विचारत आलो. हा निबंध विचारतो, 'बनवलं कुणी?' माझ्या मते प्रश्नाची दिशा बदलणं हेच त्याचं खरं योगदान.

आता खटकणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट लेखक स्वतःच सांगतात. ५० टक्के वस्तूंवर ब्रँडच नव्हता. कंपन्यांनी उत्पादनाची माहिती देणं सक्तीचं करा, ही त्यांची मागणी त्यातूनच येते. ताम्हिणीत माझ्या वहीतला 'नाव नाही' हा रकाना सगळ्यात आधी भरला. पातळ पिशव्या, फरसाणाच्या साध्या पुड्या, पाण्याने छपाई धुऊन गेलेली पाकिटं. अर्धा कचरा निनावी असताना उरलेल्या अर्ध्याच्या टक्केवारीवर बातम्यांचे मथळे करणं, हे मला घाईचं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ती सरळ रेषा कुणाच्या आकड्यांवर काढली? ज्या कंपन्या आपण किती प्लॅस्टिक वापरतो हे जाहीर करतात, त्यांच्या. म्हणजे बड्या, बहुतांशी बहुराष्ट्रीय कंपन्या. गावोगावच्या बाटलीबंद पाण्याचे, वेफर्सचे, सुपारीचे छोटे उत्पादक त्या रेषेवर नाहीतच. गुटख्याचंच बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे. गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्यासाठी प्लॅस्टिकच्या पुड्या वापरायला २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तरी आमच्या पोत्यात पुड्या आल्याच. जी वस्तू कागदोपत्री अस्तित्वातच नाही, तिच्या उत्पादनाचा वाटा कुठून आणायचा?

तिसरी गोष्ट म्हणजे हा कचरा आधीच कुणीतरी चाळलेला असतो. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव आहे, म्हणून कचरावेचक ती आधी उचलतात. चिप्सच्या पाकिटात प्लॅस्टिकचे थर आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही आणि ते पडून राहतं. त्यामुळे आमच्या वहीत 'काय फेकलं' हे उतरत नाही, तर 'काय कुणालाच नको होतं' हे उतरतं. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना काम करते आहे. कुठल्या वेष्टनाला गिऱ्हाईक नाही हे त्या बायका वजनकाटा न लावता सांगतील. हे ज्ञान ऑडिटच्या तक्त्यात कुठे भरायचं, त्याला रकानाच नाही.

चौथी गोष्ट पावसाची. घाटात पडलेलं पाकीट जागेवर राहत नाही. अलीकडच्या उतारावरचं मुळेतून भीमेकडे निघतं, पलीकडच्या उतारावरचं कोकणात उतरतं. आम्ही जातो पाऊस ओसरल्यावर. तोवर हलकं बरंचसं वाहून गेलेलं असतं. कधी मोजलं याचा परिणाम किती मोजलं यावर होतोच.

पाचवी गोष्ट, नग की वजन? ऑडिटमध्ये शाम्पूची एक पुडी आणि दोन लिटरची एक बाटली सारखीच, एक नग. उलट आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेली उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं टनांत हिशेब मागतात. टनांच्या हिशेबात पुडी दिसेनाशी होते, नगांच्या हिशेबात ती डोंगराएवढी होते. घाटात वाकून एकेक पुडी उचलणाऱ्याला विचाराल, तर तो नगच मोजा म्हणेल.

आणि शेवटी, ही रेषा कंपन्यांची एकमेकींशी तुलना करते. एका कंपनीने उद्या प्लॅस्टिक कमी केलं तर घाटातला कचरा तेवढाच कमी होईल का? की तिची जागा दुसरी घेईल? लेखक उत्पादन कमी करा म्हणतात आणि मलाही ते पटतं. पण हा आलेख त्याचा पुरावा म्हणून पुरेसा नाही. एकाच ठिकाणी, दरवर्षी, त्याच पद्धतीने मोजल्याशिवाय ते कळणार नाही.

मग मोजायचं का?

हो. उलट जास्त नीट मोजायचं. पुढच्या वर्षी आम्ही दोनदा जाणार, एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा नंतर. 'नाव नाही' या रकान्याचे चार भाग करणार. नगही लिहिणार आणि वजनही. भंगारात काय खपेल आणि काय नाही, हे आमच्या अंदाजाने न लिहिता कचरावेचक ताईंना सोबत नेऊन त्यांच्याकडून लिहून घेणार, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना देणार.

उचलणं थांबवायचं, असं मी अजिबात म्हणत नाही. पण नुसतं उचलण्याचं काय होतं ते आम्ही पहिल्या वर्षी पाहिलं. पोती भरली, फोटो काढले, 'कुणीतरी नेईल' म्हणून पोती रस्त्याकडेला रचली आणि निघून आलो. आठवड्याने एक मित्र तिथून गेला, तेव्हा गुरांनी पोती फाडलेली आणि सगळं पुन्हा उतारावर. चूक पूर्णपणे आमची होती. पोती कुठे जाणार हे आम्ही विचारलंच नव्हतं. आता ती गाडीत घालून परत आणतो.

निघताना मावशींना वही दाखवली. त्यांनी टपरीवर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळेकडे बोट केलं. "हे सगळं माझ्याच नावावर घालतात बघा. येणारा-जाणारा मलाच बोलतो. पण हे दुसऱ्या कशात येतच नाही, मी तरी काय करू?"

अठरा लाख वस्तू मोजून निबंधाने जे मांडलं, ते त्या माळेकडे बघून मावशी सांगत होत्या. फरक एवढाच, की त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेत नाही. वही त्यासाठी हवी.