कॉन्फिगरेशन फाइलींचे वाचन व लेखन : नंदुरबारच्या संकेतांकाच्या निमित्ताने एक चिकित्सा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २००१ च्या जनगणनेत राज्यातील जिल्ह्यांना क्रमांक देताना नंदुरबारच्या वाट्याला ०१ हा संकेतांक आला. धुळे ०२, जळगाव ०३ असा तो क्रम पुढे जातो. कागदावर या दोन अंकांची काहीच अडचण नाही. मात्र हाच संकेतांक एखाद्या प्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, की वाचणाऱ्या साधनागणिक त्याचा अर्थ बदलतो. पायथन भाषेच्या संदर्भात हा बदल तपासून पाहण्याजोगा आहे.

पायथनमधील ‘कॉन्फिगपार्सर’ प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच वाचतो. त्यामुळे ०१ हे ०१ च राहते. जेसन आणि टॉमल या मांडण्यांना आरंभीचे शून्य मान्य नाही. तेथे वाचन थांबते व चूक दाखवली जाते. हे त्रासदायक वाटले तरी प्रामाणिक आहे. खरी अडचण यामलची. ‘पायवायएमएल’ हे प्रचलित पॅकेज यामलच्या १.१ या जुन्या नियमांनुसार चालते आणि शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजते. म्हणून नंदुरबारचा ०१ पासून अमरावतीचा ०७ पर्यंतचे सात संकेतांक मुकाट्याने १ ते ७ या संख्या होतात. पण ८ आणि ९ हे अंक अष्टमानात नसल्याने वर्धा (०८) आणि नागपूर (०९) मजकूर म्हणूनच राहतात. पुढे भंडारा (१०) पुन्हा संख्या! एकाच तक्त्यातील एकाच स्तंभाची अशी फाळणी व्हावी आणि कोणतीही सूचना मिळू नये, हा त्या मांडणीचा गंभीर दोष मानावा लागेल. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारला ४९७ हा देशव्यापी क्रमांक मिळाला व तेथे ही अडचण उरली नाही. परंतु दोन जनगणनांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला जुने संकेतांक टाळता येत नाहीत.

याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ झाला. बारा अंकी आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही. त्यामुळे आरंभीचे शून्य गळण्याचा धोका तेथे संभवत नाही. मुळात संकेतांक हे अंकांत लिहिलेले नाव असते, त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. फाइल लिहिणाऱ्याने ते अवतरणचिन्हांत ठेवणेच युक्त.

देवनागरीचा प्रश्न याहून अधिक फसवा आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असली आणि विंडोजवर एन्कोडिंग न सांगता ती कॉन्फिगपार्सरने वाचली, तर ३.१४ पर्यंतच्या पायथनमध्ये बहुधा १२५२ क्रमांकाची पाश्चात्त्य संकेतसारणी लागू होते. या सारणीत काही बाइटांना अर्थच नाही. पायमोडक्या अक्षराची खूण आणि ऱ्हस्व उकार यांत नेमके असे बाइट येतात. परिणामी नंदुरबार, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांच्या नावांपाशी चूक दाखवली जाते. शहादा, तळोदा आणि नवापूर मात्र निरर्थक चिन्हांच्या रूपात बिनबोभाट आत शिरतात. चाचणीसाठी केवळ शहाद्याचे नाव घेणाऱ्याला आपला प्रोग्राम चालतो असेच वाटेल. टॉमल वाचणारे ‘टॉमललिब’ फाइल बाइटरूपातच मागते आणि यूटीएफ-८ चा आग्रह स्वतः धरते; ही रचना अधिक विचारपूर्वक आहे. याउलट जेसन लिहिताना पायथन मूळ सेटिंगनुसार ‘न’ या अक्षराऐवजी ०९२८ हा त्याचा युनिकोड क्रमांक लिहितो. यंत्राच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही; पण माणसाने हाताने दुरुस्त करावी म्हणून असलेली फाइल माणसालाच वाचता येईनाशी होते.

वाचनापेक्षा लेखन अवघड, याची कबुली खुद्द पायथननेच दिली आहे. २०२२ मधील ३.११ या आवृत्तीत आलेले टॉमललिब फक्त वाचते, लिहीत नाही. याला उणीव म्हणणे घाईचे होईल. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मूल्यांइतकेच महत्त्व टिपांना असते. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव. व्यवहारात तालुक्याला दोन्ही नावांनी ओळखले जाते. ‘धडगाव म्हणजेच अक्राणी, दोनदा मोजू नये’ अशी टीप एखाद्या कर्मचाऱ्याने फाइलमध्ये लिहून ठेवली आणि नंतर प्रोग्रामने एक मूल्य बदलून ती फाइल कॉन्फिगपार्सरकरवी पुन्हा लिहिली, तर मूल्ये टिकतात, टीप नाहीशी होते. कळींतील रोमन मोठी अक्षरेही लहान होतात, पण ती हानी किरकोळ. पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाला एकच तालुका दोन दिसू लागतो. टिपा राखून लिहिणारे टॉमलसाठीचे ‘टॉमलकिट’ आणि यामलसाठीचे ‘रुआमेल’ उपलब्ध आहेत. परंतु ती पायथनच्या मूळ संचात नाहीत, प्रत्येक संगणकावर वेगळी बसवावी लागतात.